राष्ट्रपतींनी सही केली नाही तर?

वर्धा शहराला अगदी लागून असलेलं नालवाडी हे गाव तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. नसेल पाहिलं तरी काही बिघडत नाही. आपण मनातल्या मनात नालवाडीत एक शाळा उभारू या. शाळेत आठवीचा वर्ग आणि वर्गात साठ मुलं-मुली. पावसाळ्याचे दिवस आहेत. वर्गानं ठरवलं, सहल काढायची पवनारला, धाम नदीच्या काठी. हात वर करून मतं मोजली. पस्तीस जण 'हो' म्हणाले, पंचवीस जण 'नाही' म्हणाले. बहुमतानं ठराव मंजूर! मॉनिटरनं वहीच्या कागदावर ठराव लिहिला आणि हेडसरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. कारण नियमच असा आहे, की हेडसरांची सही झाल्याशिवाय सहल निघत नाही.

हेडसरांनी सही केली तर प्रश्नच मिटला. डबे भरा आणि निघा! पण त्यांनी सही केली नाही तर?

इथे आपण तीन वेगवेगळ्या हेडसरांची कल्पना करू या.

पहिले हेडसर कागदाच्या खाली लिहितात, "नदीला पाणी चढलंय. सहल दिवाळीनंतर नेली तर? पुन्हा एकदा विचार करा." कागद वर्गाकडे परत येतो. वर्ग पुन्हा चर्चा करतो. समजा, पुन्हा पस्तीस जण म्हणाले, "आम्हाला आत्ताच जायचंय", तर या हेडसरांना सही करावीच लागते. त्यांना फक्त एकदा थांबवण्याचा अधिकार आहे.

दुसरे हेडसर सरळ लिहितात, "परवानगी नाही," आणि का नाही तेही लिहितात. पण त्यांच्या शाळेत आणखी एक नियम आहे. वर्गातल्या तीन भागांपैकी दोन भाग मुलं, म्हणजे साठांपैकी चाळीस जण पुन्हा 'हो' म्हणाले, तर हेडसरांच्या सहीशिवायही सहल निघते. आपल्या मॉनिटरकडे पस्तीस मतं आहेत. आता त्याला 'नाही' म्हणणाऱ्यांपैकी आणखी पाच जणांना पटवावं लागेल.

तिसरे हेडसर काहीच लिहीत नाहीत. कागद घेतात, पेपरवेटखाली ठेवतात आणि दुसऱ्या कामाला लागतात. आठवडा जातो, महिना जातो. 'हो' नाही आणि 'नाही'सुद्धा नाही. बघता बघता वार्षिक परीक्षा येते आणि आठवीचा वर्ग नववीत जातो.

सांगा बघू, या तिघांपैकी सर्वांत कडक हेडसर कोणते? तुमचं उत्तर मनात ठेवा. आपली शाळा कल्पनेतली असली, तरी हे तिन्ही 'हेडसर' खऱ्या जगात भेटतात. फक्त तिथे कागद सहलीचा नसतो, कायद्याचा असतो.

कागदाचा कायदा कसा होतो?

दिल्लीत आपली संसद आहे. तिची दोन सभागृहं, लोकसभा आणि राज्यसभा. एखादा कायदा करायचा असेल, तर आधी त्याचा मसुदा सभागृहापुढे येतो. त्याला म्हणतात विधेयक. दोन्ही सभागृहांत चर्चा होते, मतं घेतली जातात. दोन्हीकडे विधेयक मंजूर झालं, की ते राष्ट्रपतींकडे जातं. त्यांची संमती मिळाली, की मगच विधेयकाचा कायदा होतो.

राष्ट्रपतींनी संमती नाकारण्याच्या अधिकाराला म्हणतात 'नकाराधिकार'. जगभर त्याला 'व्हेटो' असंही नाव आहे. हा शब्द फार जुना आहे, लॅटिन भाषेतला. त्याचा अर्थ 'मी मनाई करतो'. प्राचीन रोममध्ये सामान्य लोकांचे प्रतिनिधी असत, त्यांना ट्रिब्यून म्हणत. अधिकाऱ्यांचा एखादा निर्णय लोकांवर अन्याय करणारा वाटला, तर ट्रिब्यून तो रोखू शकत. म्हणजे हा अधिकार मुळात दुबळ्यांच्या रक्षणासाठी होता, बरं का!

आता तुम्ही म्हणाल, लोकांनी निवडून दिलेल्या शेकडो प्रतिनिधींनी एक गोष्ट ठरवली, तर एका माणसानं ती का अडवावी? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला आपण १९८६ सालात जाऊ या. त्या एकाच वर्षी दोन देशांच्या राष्ट्रप्रमुखांपुढे दोन कागद गेले आणि दोघांनीही सही केली नाही. पण पुढे घडलं ते अगदी वेगळं.

वॉशिंग्टनमधली २ ऑक्टोबर

त्या वेळी दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचं सरकार होतं. काळ्या लोकांना मताचा अधिकार नव्हता. त्यांनी कुठं राहायचं, कोणत्या शाळेत शिकायचं, हे त्यांच्या कातडीच्या रंगावरून ठरत असे. या धोरणाला 'वर्णद्वेष' म्हणत. नेल्सन मंडेला तुरुंगात होते. याच देशात मोहनदास गांधी नावाचे तरुण वकील १८९३ मध्ये गेले होते, आणि अन्यायाविरुद्धचा सत्याग्रह त्यांनी तिथेच पहिल्यांदा करून पाहिला होता. पुढे १९३६ पासून गांधीजी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला राहिले, हे तुम्हाला माहीत आहेच.

१९८६ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, एक विधेयक मंजूर केलं. दक्षिण आफ्रिकेत अमेरिकन कंपन्यांनी नवी गुंतवणूक करू नये, तिथला कोळसा, पोलाद, कापड अमेरिकेत आणू नये, तिथल्या विमान कंपनीच्या विमानांना अमेरिकेत उतरू देऊ नये, असं त्यात होतं. थोडक्यात, वर्णद्वेष थांबवा, नाहीतर तुमच्याशी व्यवहार नाही.

अमेरिकेचे त्या वेळचे अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन. त्यांना हे विधेयक पटलं नाही. अशा बंदीचा सर्वांत जास्त त्रास तिथल्या काळ्या मजुरांनाच होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. २६ सप्टेंबर १९८६ रोजी त्यांनी नकाराधिकार वापरला आणि विधेयक कारणांसह परत पाठवलं.

आठवले का आपले दुसरे हेडसर? अमेरिकेच्या राज्यघटनेतला नियम अगदी तसाच आहे. अध्यक्ष 'नाही' म्हणाले, तरी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश सदस्यांनी पुन्हा 'हो' म्हटलं, तर अध्यक्षांच्या सहीशिवाय कायदा होतो.

२९ सप्टेंबरला प्रतिनिधी सभेत मतं मोजली गेली. बाजूनं ३१३, विरुद्ध ८३. आता जरा गणित करा. एकूण मतं ३९६. त्यांचे दोन तृतीयांश २६४. म्हणजे एक सभागृह पार! मग पाळी आली दुसऱ्या सभागृहाची, सिनेटची. तिथे ९९ मतं पडली, हवी होती ६६. बाजूनं पडली ७८ आणि विरुद्ध २१. अध्यक्षांचा नकार रद्द झाला आणि विधेयकाचा कायदा झाला.

गंमत म्हणजे त्या दिवशी तारीख होती २ ऑक्टोबर, गांधी जयंती! हा योगायोगच म्हणायचा. पण ज्या देशात गांधीजींनी सत्याग्रहाचं शस्त्र घडवलं, त्याच देशातल्या अन्यायाविरुद्धचा एक मोठा कायदा त्यांच्या जन्मदिवशी पक्का झाला. मंडेला ११ फेब्रुवारी १९९० रोजी तुरुंगातून सुटले. जगातल्या अनेक देशांचा दबाव आणि मुख्य म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या जनतेचा लढा, यामुळे ते घडलं. हा कायदा त्या दबावातला एक भाग होता.

यातली आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. सिनेटमधल्या त्या ७८ जणांपैकी ३१ जण रेगन यांच्याच पक्षाचे होते. दोन तृतीयांशाच्या नियमाचं मर्म इथे आहे. एवढी मतं सहसा एकाच पक्षाकडे नसतात. नकार उलटवायचा, तर पलीकडच्या बाकावरच्या लोकांनाही पटवावं लागतं. म्हणून अशी वेळ क्वचितच येते. अमेरिकेच्या इतिहासात अध्यक्षांनी अडीच हजारांहून जास्त वेळा नकाराधिकार वापरला, पण त्यांतले सव्वाशे नकारसुद्धा उलटवले गेलेले नाहीत.

त्यांतला एक तर एका रात्रीत उलटला. नद्या आणि तळी स्वच्छ करण्यासाठी केलेलं विधेयक अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी १७ ऑक्टोबर १९७२ रोजी नाकारलं. खर्च फार आहे, असं त्यांचं कारण. दुसऱ्याच दिवशी, १८ ऑक्टोबरला, दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांशांहून जास्त मतांनी तो नकार रद्द केला. अमेरिकेतल्या नद्यांचं रक्षण करणारा कायदा आजही तोच आहे.

त्याच वर्षी, आपल्या दिल्लीत

आता दुसरा कागद. १९८६ मध्येच आपल्या संसदेनं भारतीय टपाल कार्यालय (सुधारणा) विधेयक मंजूर केलं. लोकांची पत्रं टपालात अडवून तपासण्याचा अधिकार सरकारला त्यातून मिळणार होता. तेव्हा मोबाईल नव्हते. मामाचं पत्र, नोकरीचा कॉल, मुलीच्या सासरची खुशाली, सगळं पोस्टमनच्या पिशवीतून यायचं. आपलं पत्र भलत्याच कुणी फोडून वाचलं तर? देशभर वाद झाला. वृत्तपत्रांनी टीका केली.

राष्ट्रपती होते ग्यानी झैलसिंग. त्यांनी काय केलं असेल? विधेयकावर सही केली नाही. ते परतही पाठवलं नाही. 'नाही' असंही म्हटलं नाही. विधेयक नुसतं ठेवून दिलं! जुलै १९८७ मध्ये त्यांची मुदत संपली, तेव्हाही ते तसंच होतं. पुढचे राष्ट्रपती आर. वेंकटरमण यांनी ते फेरविचारासाठी परत पाठवलं. तोवर सरकार बदललं होतं आणि नव्या सरकारनं ते पुढे रेटलं नाही. १९८६ च्या त्या विधेयकाचा कायदा कधीच झाला नाही. (२०२३ साली देशात नवा टपाल कायदा झाला. त्यात मात्र ठरावीक कारणांसाठी टपाल अडवण्याचा अधिकार सरकारला दिलेला आहे.)

हे झाले आपले तिसरे हेडसर. या प्रकाराला 'पॉकेट व्हेटो' म्हणतात, म्हणजे कागद खिशात घालून ठेवणं. अमेरिकेतही असा प्रकार आहे, पण तिथल्या अध्यक्षांना रविवार सोडून फक्त दहा दिवस मिळतात. तेवढ्यात काँग्रेसचं अधिवेशन संपलं असेल तरच विधेयक बाद होतं. अधिवेशन चालू असेल, तर दहा दिवसांनी सहीशिवायच कायदा होतो. आपल्या राष्ट्रपतींना मात्र दिवसांची मर्यादाच नाही. म्हणून गमतीनं म्हणतात, की भारताच्या राष्ट्रपतींचा खिसा अमेरिकेच्या अध्यक्षांपेक्षा मोठा!

झैलसिंगांमुळे लोकांची पत्रं वाचली, मग वाईट काय झालं, असं तुम्ही विचाराल. त्या वेळी अनेकांना बरंच वाटलं. पण जरा विचार करा. रेगन यांनी कारण लिहून दिलं, म्हणून काँग्रेसला उत्तर देता आलं. न बोललेल्या नकाराला उत्तर द्यायचं कसं? आणि उद्या एखादं चांगलं विधेयक असंच खिशात राहिलं तर?

सहा आठवडे की 'शक्य तितक्या लवकर'?

ही शंका घटना लिहिली जात होती तेव्हाच निघाली होती. घटनेच्या मसुद्यात आधी लिहिलं होतं, की राष्ट्रपतींना विधेयक परत पाठवायचं असेल, तर सहा आठवड्यांच्या आत पाठवावं. मे १९४९ मध्ये घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दुरुस्ती मांडली, की 'सहा आठवड्यांच्या आत' याऐवजी 'शक्य तितक्या लवकर' असे शब्द घालावेत.

त्यावर एक सदस्य उठले. त्यांचं नाव हरी विष्णू कामत. ते मध्यप्रांत आणि वऱ्हाडातून निवडून आले होते. वर्धा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. 'शक्य तितक्या लवकर' हे शब्द फार मोघम आहेत, ठरावीक मुदत असावी, असं त्यांचं म्हणणं. तुमची आई म्हणते, "खोली आवर," आणि तुम्ही म्हणता, "लवकरच आवरतो." ते 'लवकर' किती लांबतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे! पण समितीनं बाबासाहेबांची दुरुस्ती स्वीकारली आणि आपल्या घटनेच्या १११ व्या अनुच्छेदात आजही तेच शब्द आहेत.

याच अनुच्छेदात आपले पहिले हेडसरही आहेत. राष्ट्रपती विधेयक संदेशासह परत पाठवू शकतात. पण संसदेनं ते बदल करून किंवा जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं, तर राष्ट्रपतींना संमती नाकारता येत नाही. इथे दोन तृतीयांशाची अट नाही, साधं बहुमत पुरतं. (पैशांविषयीचं, म्हणजे धन विधेयक मात्र राष्ट्रपतींना परत पाठवता येत नाही. आणि १९७१ पासून घटनादुरुस्तीच्या विधेयकाला त्यांना संमती द्यावीच लागते.)

कलामसाहेबांचा प्रश्न

याचं उत्तम उदाहरण आहे तुमचे आवडते राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचं. आपल्याकडे नियम असा आहे, की खासदारानं सरकारकडून 'लाभाचं पद' घेऊ नये. म्हणजे काय, तर ज्या सरकारला प्रश्न विचारायचे, त्याच सरकारची मिंधेगिरी नको. २००६ मध्ये संसदेनं एक विधेयक मंजूर करून बऱ्याच पदांना या नियमातून सूट दिली. सूटही कशी, तर मागच्या तारखेपासून!

३० मे २००६ रोजी डॉ. कलाम यांनी ते विधेयक परत पाठवलं. कोणतं पद लाभाचं आणि कोणतं नाही, हे ठरवणारी सर्वांना सारखी लागू होणारी, न्याय्य कसोटी असायला नको का, असा त्यांचा प्रश्न होता.

संसदेनं काय केलं? जुलैअखेर दोन्ही सभागृहांनी तेच विधेयक जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं. आता घटनेप्रमाणे राष्ट्रपतींना दुसरा मार्ग नव्हता. १८ ऑगस्ट २००६ रोजी डॉ. कलाम यांनी सही केली.

मग ते हरले का? कायद्यापुरतं पाहिलं, तर संसदेचा शब्द शेवटचा ठरला, आणि लोकशाहीत तो ठरायलाच हवा. पण त्यांच्या प्रश्नामुळे सगळ्या देशाला 'लाभाचं पद' म्हणजे काय ते कळलं. संसदेनंही हा विषय नीट तपासण्यासाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमली. म्हणजे नकार उलटला, तरी प्रश्न वाया गेला नाही.

महाराष्ट्राचा कागद एकोणीस वर्षं दिल्लीत

राज्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. महाराष्ट्राच्या विधानसभेनं आणि विधान परिषदेनं मंजूर केलेलं विधेयक राज्यपालांकडे जातं. राज्यपाल सही करतात, किंवा फेरविचारासाठी परत पाठवतात, किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. राज्यपालांनी परत पाठवलेलं विधेयक विधिमंडळानं पुन्हा मंजूर केलं, तर त्यांना संमती नाकारता येत नाही. पण विधेयक एकदा राष्ट्रपतींकडे गेलं, की राज्याच्या हाती फारसं काही उरत नाही. राष्ट्रपतींनी ते परत पाठवलं आणि विधिमंडळानं पुन्हा मंजूर केलं, तरीही संमती देण्याचं बंधन राष्ट्रपतींवर नाही.

१९९५ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळानं प्राणिरक्षण कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मंजूर केलं. गाईंच्या कत्तलीवर राज्यात आधीच बंदी होती, ती बैलांना आणि वळूंनाही लागू करण्यासाठी हे विधेयक होतं. ते राष्ट्रपतींकडे गेलं. सही झाली कधी? फेब्रुवारी २०१५ मध्ये! या काळात शंकर दयाळ शर्मा, के. आर. नारायणन, अब्दुल कलाम, आपल्या महाराष्ट्राच्या प्रतिभाताई पाटील आणि प्रणव मुखर्जी असे पाच राष्ट्रपती झाले. १९९५ मध्ये पहिलीत असलेली मुलं तोवर नोकरीला लागली, कित्येकांची लग्नंही झाली.

या कायद्याबद्दल लोकांची मतं वेगवेगळी होती आणि आहेत. कुणाला तो हवा होता. कुणाला आपल्या धंद्याची, म्हाताऱ्या बैलांच्या खर्चाची काळजी होती. पण बाजू कोणतीही असो, एकोणीस वर्षं दोघांनाही उत्तर मिळालं नाही, हे तर खरं ना?

तमिळनाडूत असाच प्रश्न पेटला आणि सर्वोच्च न्यायालयात गेला. ८ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी राज्यपाल आणि राष्ट्रपती यांच्यासाठी मुदती ठरवून दिल्या. न्यायालयाला अशा मुदती घालता येतात का, असा प्रश्न मग राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी न्यायालयालाच विचारला. २० नोव्हेंबर २०२५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं आपलं मत दिलं. पीठाचे प्रमुख होते तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, आपल्या अमरावतीचे. पीठानं सांगितलं, की घटनेत नसलेली मुदत न्यायालय घालू शकत नाही, आणि सही झाली असं नुसतं धरूनही चालता येत नाही. मात्र राज्यपालांनी विधेयक नुसतं दाबून ठेवणंही बरोबर नाही. संमती द्यायची नसेल, तर ते शेऱ्यासह विधिमंडळाकडे परत गेलं पाहिजे. राज्यपाल कारण न देता फारच वेळ काढत असतील, तर 'काय तो निर्णय घ्या' एवढं न्यायालय सांगू शकतं. कोणता निर्णय घ्या, हे मात्र सांगणार नाही.

पाहा, १९४९ मध्ये कामतांनी विचारलेला प्रश्न शहात्तर वर्षांनंतर पुन्हा समोर आला!

सगळ्यांनाच नकाराधिकार दिला तर?

आता पुन्हा नालवाडीला येऊ या. १९३२ मध्ये विनोबा भावे नालवाडीला राहायला आले आणि १९३८ मध्ये तिथून पवनारला गेले. पुढे १९५१ मध्ये त्यांनी भूदान चळवळ सुरू केली आणि त्यातून ग्रामदानाचा विचार आला. गावाचे निर्णय बहुमतानं नव्हे, सर्वांच्या संमतीनं व्हावेत, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे गावातल्या प्रत्येकाला नकाराधिकार! सरपंचाला जेवढा, तेवढाच शेतमजूर बाईला.

असं कुठं चालतं का? चालतं. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं गोंड आदिवासींचं छोटं गाव आहे. तिथली ग्रामसभा वर्षानुवर्षं सर्वसहमतीनं निर्णय घेते. एखाद्याला पटलं नाही, तर हात मोजून त्याला गप्प करत नाहीत. विषय पुढच्या बैठकीसाठी ठेवतात, माहिती गोळा करतात, पुन्हा बोलतात. याच गावानं २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. असा हक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक.

पण हाच नियम दुसरीकडे फसला होता. जुन्या काळी पोलंड देशाच्या संसदेत कोणताही एक सदस्य उठून 'मला मान्य नाही' म्हणाला, तरी अधिवेशनच मोडत असे. १६५२ मध्ये एका सदस्याच्या नकारानं असं पहिल्यांदा घडलं. मग ही सवयच झाली. शेजारचे राजे एखाद्या सदस्याला पैसे चारत आणि नको असलेला कायदा मोडून टाकत. शेवटी १७९१ च्या घटनेनं ही पद्धत बंद केली, पण तोवर फार उशीर झाला होता. १७९५ मध्ये शेजाऱ्यांनी पोलंड वाटून घेतला आणि तो नकाशावरूनच नाहीसा झाला.

नियम एकच, मग फरक कुठं पडला? मेंढ्यात 'नाही' आल्यावर लोक पुन्हा बसून बोलतात. पोलंडमध्ये 'नाही' आल्यावर सगळे उठून घरी जात.

शेवटी काय?

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. एका माणसानं शेकडोंचा निर्णय का अडवावा? कारण शेकडो माणसांचंही घाईत चुकू शकतं. नदीला पूर आहे, हे पस्तीस जणांच्या लक्षात आलेलं नसतं. अशा वेळी कुणीतरी 'थांबा' म्हणायला हवं. पण त्यानं तिथेच थांबून चालत नाही. 'का थांबा' ते सांगायला हवं, वेळेत सांगायला हवं, आणि त्याला उत्तर देण्याची वाट मोकळी हवी. अमेरिकेत ती वाट अवघड आहे, आपल्या संसदेत सोपी आहे, पण वाट आहे. खिशात ठेवलेल्या कागदाला तीच नसते. म्हणून माझ्या मते तरी तिसरे हेडसरच सर्वांत कडक. त्यांनी एकदाही 'नाही' म्हटलं नाही, आणि तरी सहल गेली नाही ती नाहीच!

आईबाबांसाठीही एक गोष्ट. आपल्या गावची ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा भरते. साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास. मुलांना एकदा तिथे घेऊन जा. कुणीतरी उठून 'मला हे मान्य नाही' म्हणेल. त्यानंतर काय होतं, ते मुलांना पाहू द्या.

हे शब्द लक्षात ठेवा

विधेयक : कायद्याचा मसुदा. सही होईपर्यंत तो कायदा नसतो.
संमती : राष्ट्रपती किंवा राज्यपाल यांची मान्यता.
नकाराधिकार : संमती न देण्याचा अधिकार, व्हेटो.
फेरविचार : त्याच प्रश्नावर पुन्हा चर्चा आणि पुन्हा मतदान.
दोन तृतीयांश : तीन भागांपैकी दोन भाग. ६० पैकी ४०.

माहीत आहे का?

अमेरिकेत सर्वांत जास्त नकार दिले अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी, तब्बल ६३५! त्यांतले फक्त ९ उलटले. उलट अँड्र्यू जॉन्सन यांनी २९ वेळा नकार दिला आणि त्यांतले १५ काँग्रेसनं उलटवले. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांना नागरिकत्वाचे हक्क देणारा १८६६ चा कायदा त्यांतलाच एक.

करून पाहा

वर्गात एक ठराव मांडा. मतं मोजा. मग वर्गशिक्षकांना विनंती करा, की त्यांनी तो कारण लिहून परत पाठवावा. आता दोन तृतीयांश मतं मिळवायला तुम्हाला आणखी किती जणांना पटवावं लागेल? आकडा काढा आणि पटवायला लागा. मात्र आधी शिक्षकांनी लिहिलेलं कारण नीट वाचा. कदाचित त्यांचंच बरोबर असेल!